शेतीच्या कामासाठी कॅमेरा : निवड व छायाचित्रणाचे प्राथमिक धडे

ऐकलेल्या दहा गोष्टींपेक्षा डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट शेतकऱ्याला अधिक पटते. विस्तारकार्यात प्रात्यक्षिकाला जे महत्त्व आहे ते याच कारणाने. परंतु प्रत्येक शेतकऱ्याला प्रत्येक प्रात्यक्षिक-क्षेत्रावर नेणे शक्य होत नाही. तसेच शेतातील प्रत्येक रोगट झाड तज्ज्ञापर्यंत पोचविणेही शक्य नसते. सकाळी तोडलेले पान तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत कोमेजते, त्याचा रंग पालटतो आणि त्यावरील तुडतुडे वा पांढरी माशी तर वाटेतच उडून जाते. ही उणीव छायाचित्र भरून काढते. मात्र ते छायाचित्र नीट काढलेले असले पाहिजे.

आज गावोगावी मोबाइल फोन पोचले आहेत व प्रत्येकात कॅमेरा आहे. तथापि अस्पष्ट, दुरून काढलेली किंवा रंग बिघडलेली छायाचित्रेच सल्ल्यासाठी अधिक येतात. अशा छायाचित्रावरून निदान करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय. निदान चुकले की फवारणी चुकते. औषधाचे पैसे व मजुरी वाया जाते आणि मूळ दुखणे तसेच वाढत राहते. यास्तव कॅमेऱ्याची निवड व वापर हा केवळ हौसेचा विषय न मानता, नांगर वा फवारणी-पंप यांच्याप्रमाणेच एक अवजार हाताळण्याचा विषय मानून त्याचा अभ्यास केला पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

कॅमेऱ्याची रचना

कॅमेरा म्हणजे मुळात एक अंधारी पेटी. तिच्या एका बाजूस भिंग व समोरच्या बाजूस प्रकाश टिपणारा पृष्ठभाग असतो. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांची पद्धत जाहीर झाली तेव्हा हा पृष्ठभाग चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्याचा होता. पुढे काच व नंतर फिल्म आली. १९७५ साली अमेरिकेत ईस्टमन कोडक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी फिल्मऐवजी विद्युत्-संवेदकावर चित्र टिपणारा कॅमेरा तयार केला. त्याला एक चित्र नोंदविण्यास २३ सेकंद लागत. आजच्या मोबाइलमधील कॅमेरा याच घराण्यातला आहे.

या बदलाचा शेतकऱ्याला झालेला लाभ ध्यानात घेण्याजोगा आहे. १२० क्रमांकाच्या फिल्मच्या एका रिळावर चौरस आकाराची केवळ १२ चित्रे निघत आणि ती धुऊन येईपर्यंत बरीवाईट कळत नसत. आता चित्र तत्क्षणी पडद्यावर पाहता येते व पुन्हा काढण्यास काहीच खर्च येत नाही. सबब सरावाला निमित्त हवे असेल तर याहून सोयीचा काळ नाही. मात्र फुकट मिळते म्हणून विचार न करता पन्नास चित्रे काढण्यापेक्षा विचारपूर्वक काढलेली चार चित्रे अधिक उपयोगी पडतात.

कोणता कॅमेरा घ्यावा?

कॅमेरा घेण्यापूर्वी ‘कोणता चांगला?’ असे न विचारता ‘माझे काम कोणते?’ असा प्रश्न प्रथम विचारावा. बैलजोडी घेताना आपण जमिनीचा मगदूर व कामाचा व्याप पाहतो, तसेच हे आहे. शेतीकामाच्या दृष्टीने कॅमेऱ्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग मोबाइल फोनचा. पिकाची अवस्था, पानावरील लक्षणे, मोठ्या अळ्या, सभा व प्रात्यक्षिके यांकरिता तो पुरेसा आहे. तो सदैव खिशात असतो व चित्र तेथूनच पाठविता येते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. शेतकऱ्याने व बहुतेक कार्यकर्त्यांनी निराळा कॅमेरा विकत घेण्याची आवश्यकता नाही.

दुसरा वर्ग आटोपशीर कॅमेऱ्यांचा. यात भिंगे पुढे-मागे सरकवून दूरची वस्तू जवळ आणण्याची सोय असते. झाडाच्या शेंड्यावरील घरटे, नारळाच्या माथ्यावरील कीड किंवा पिकावर येणारे पक्षी टिपावयाचे असतील तर हा उपयोगी पडतो. फोनमध्ये दोन बोटांनी चित्र मोठे करतो तेव्हा बहुधा चित्राचा मधला तुकडाच ताणला जातो, नवा तपशील मिळत नाही. भिंगाने जवळ आणणे आणि चित्र ताणणे यांतील हा भेद पक्का लक्षात ठेवावा.

तिसरा वर्ग भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांचा. मावा, कोळी, फुलकिडे यांसारख्या बारीक किडींची चित्रे पुस्तिकेसाठी वा तक्त्यासाठी हवी असतील तर विशेष जवळचे भिंग लावून हा कॅमेरा वापरतात. तो महाग व वजनदार असून त्याची निगा राखावी लागते. म्हणून तो संस्थेने वा कार्यालयाने सामायिक वापरासाठी घेणे योग्य.

विक्रेते मेगापिक्सेलचा आकडा पुढे करतात. या आकड्याचा अर्थ समजून घ्यावा. १२ मेगापिक्सेलच्या चित्रात साधारणतः ४००० गुणिले ३००० ठिपके असतात. उत्तम छपाईस इंचाला ३०० ठिपके लागतात असे धरले तर हे चित्र सुमारे १३ गुणिले १० इंच आकारात छापता येते. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावयाच्या कागदासाठी हे पुष्कळ झाले. याहून मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा भिंग व संवेदक बरा आहे की नाही ते पाहावे. तसेच स्वस्त फोनच्या पाठीवर तीन-चार भिंगे दिसली म्हणून भुलू नये. त्यांतील ‘मॅक्रो’ नावाचे भिंग पुष्कळदा अवघ्या २ मेगापिक्सेलचे असते व मुख्य भिंगाचे चित्रच त्याहून सरस येते.

दुकानात पुढील पाच गोष्टी स्वतः पारखाव्यात.

१. वर्तमानपत्राचे बारीक अक्षर किती जवळून स्पष्ट टिपता येते ते मोजपट्टी लावून पाहावे.
२. दुकानाबाहेर उन्हात जाऊन पडदा नीट दिसतो काय, ते पाहावे.
३. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक चित्र काढून ते मोठे करून पाहावे. रवाळ व पुसट दिसल्यास संवेदक हलका समजावा.
४. एकदा विद्युत्-भारित केल्यावर दिवसभराची शिवारफेरी निभावते काय, याची चौकशी करावी.
५. दुरुस्तीची सोय तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी आहे काय, ते विचारावे.

जुना कॅमेरा घेताना भिंग उजेडाकडे धरून आतून न्याहाळावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू दिसले तर ती बुरशी होय. असा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

प्रकाशाची मात्रा

खताची मात्रा कमी झाली तर पीक खुरटते व अधिक झाली तर करपते. प्रकाशाचेही तसेच आहे. कमी प्रकाशात चित्र काळवंडते, अधिक प्रकाशात पांढरे पडून तपशील नाहीसा होतो. ही मात्रा तीन गोष्टींनी ठरते.

पहिली, भिंगाचे छिद्र. त्याचे माप एफ ४, ५.६, ८, ११, १६ अशा आकड्यांत सांगतात. आकडा जसा वाढतो तसे छिद्र लहान होते व प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. दुसरी, झडप किती वेळ उघडी राहते तो काळ. उदाहरणार्थ सेकंदाचा १२५ वा किंवा ५०० वा भाग. तिसरी, संवेदकाची ग्रहणशक्ती. ती आयएसओ १००, २००, ४०० अशा आकड्यांनी दर्शवितात. ही शक्ती वाढविली की अंधुक उजेडातही चित्र निघते, परंतु त्यात रवाळपणा वाढतो.

पाटाचे पाणी वाफ्यात सोडण्याचा दाखला घेतल्यास हे सहज समजेल. दार मोठे उघडले तर वाफा लवकर भरतो, लहान उघडले तर वेळ लागतो, पाणी तेवढेच. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० वर छिद्र एफ १६ व झडपेचा काळ सेकंदाचा १२५ वा भाग ठेवल्यास मात्रा बहुधा बरोबर येते. त्याऐवजी छिद्र दोन पायऱ्या मोठे करून एफ ८ ठेवले, तर काळ दोन पायऱ्या कमी करून ५०० वा भाग ठेवावा लागेल. चित्राचा उजेड तोच राहील.

मग फरक कशात पडतो? छिद्र लहान असले की पुढच्या ओळीपासून मागच्या ओळीपर्यंत सारे स्पष्ट येते. मोठे असले की एकच पान स्पष्ट येऊन मागचा भाग पुसट होतो. झडपेचा काळ लहान असला की वाऱ्याने डोलणारे पीकही स्थिर दिसते. बहुतेक फोनमध्ये छिद्र ठरावीकच असते व उर्वरित मात्रा फोन स्वतः ठरवितो. तरीही हे ज्ञान वाया जात नाही, कारण फोनचा अंदाज कोठे चुकतो हे त्यामुळेच कळते.

तो अंदाज कोठे चुकतो? कॅमेरा समोरचे दृश्य सरासरीने मध्यम उजळ आहे असे गृहीत धरतो. म्हणून वेचणीस आलेला पांढरा कापूस त्याला अधिक उजळ वाटून चित्रात राखाडी उतरतो, तर नांगरलेली काळी जमीन फिकट दिसते. अशा वेळी पडद्यावर मुख्य वस्तूवर बोट टेकवावे. त्यानंतर उजेडाची खूण कापसासाठी वर व काळ्या जमिनीसाठी खाली सरकवावी.

उजेड व रंग

सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास व सूर्यास्तापूर्वीचे दोन तास सर्वसाधारण दृश्यांस उत्तम. सूर्य आपल्या पाठीशी किंवा बाजूस असावा. भर दुपारी पाने चकाकतात व सावल्या काळ्याभोर पडतात. तेव्हा छत्री धरून पानावर सावली करावी किंवा पांढरे धोतर दोघांनी ताणून धरावे. धोतरातून गाळून आलेला मऊ उजेड लक्षणे फार स्पष्ट दाखवितो.

रोगनिदानात रंगाला मोठे महत्त्व आहे. हिरव्या शेडनेटखाली सर्वच चित्रावर हिरवी झाक येते व पिवळेपणा लपतो. म्हणून पान उघड्या सावलीत आणून, शेजारी पांढरा कागद ठेवून चित्र घ्यावे. कागद पांढरा दिसला तर पानाचा रंगही खरा समजावा. चित्र सुंदर करणाऱ्या व हिरवाई गडद करणाऱ्या सर्व सोयी फोनमध्ये बंद कराव्यात. लग्नकार्यात त्या शोभतात, निदानात त्या घात करतात.

एका दुखण्याची पाच चित्रे

केवळ एका चित्रावरून निदान क्वचितच होते. प्रत्येक तक्रारीसाठी पुढील क्रमाने पाच चित्रे घेण्याची सवय लावावी.

पहिले, शेताचे. दुखणे सर्वत्र आहे, बांधाकडेला आहे, सखल भागात आहे की मधून मधून आहे हे यात दिसावे. दुसरे, संपूर्ण झाडाचे. वरची पाने बाधित आहेत की खालची, हे यावरून कळते. तिसरे, बाधित पानाच्या वरच्या बाजूचे. चौथे, त्याच पानाच्या खालच्या बाजूचे. रस शोषणाऱ्या किडी बहुधा येथेच सापडतात. पाचवे, निरोगी व रोगट पान शेजारी शेजारी ठेवून, बाजूला मोजपट्टी किंवा दहा रुपयांचे नाणे ठेवून काढलेले. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असल्याने मापाचा अंदाज येतो.

या क्रमाचे महत्त्व सोयाबीनच्या उदाहरणाने पटेल. पीक पिवळे पडले, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. सर्वांत कोवळ्या पानांचा मधला भाग पिवळा व शिरा मात्र हिरव्या, आणि असे पट्टे चुनखडीच्या वा पाणी साचणाऱ्या जागी असतील, तर लोहाची कमतरता संभवते. पानावर गडद पिवळे व हिरवे वेडेवाकडे चट्टे शिरांना न जुमानता पसरले असतील व अशी झाडे विखुरलेली असतील, तर पिवळा मोझॅक हा विषाणुजन्य रोग संभवतो. त्याचा प्रसार पांढरी माशी करते. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राकडे लक्ष द्यावे. पहिल्या दुखण्यावर हिराकसाची फवारणी, दुसऱ्यावर रोगट झाडे उपटून नष्ट करणे व पांढऱ्या माशीचा बंदोबस्त, तिसऱ्यावर नत्राची पूर्तता, असे उपाय सर्वस्वी भिन्न आहेत. उभ्याने काढलेल्या एका पिवळ्या चित्रात हे तिन्ही सारखेच दिसतात. पाच चित्रांत ते वेगळे होतात.

कपाशीवरील लाल्याचेही तसेच आहे. पान लाल झाले परंतु शिरा हिरव्या राहिल्या, तर मॅग्नेशियमच्या कमतरतेचा संशय घ्यावा. पानाच्या कडा खाली वळून लाल झाल्या असतील व खालच्या बाजूस तुडतुडे दिसत असतील तर कारण निराळे. चौथे चित्र न काढणाऱ्यास हा भेद कळणार नाही, व कीड नसतानाही कीटकनाशकावर खर्च होईल. गुलाबी बोंडअळीसाठी डोमकळीचे एक व हिरवे बोंड कापून आतील भागाचे एक, अशी दोन चित्रे आवर्जून घ्यावीत. बोंड बाहेरून निरोगी दिसले तरी आत अळी असू शकते.

मक्यावरील लष्करी अळीची भारतात प्रथम नोंद २०१८ साली कर्नाटकात झाली. या अळीची ओळख दोन खुणांवरून पटते. डोक्यावर उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी फिकट रेषा असते आणि शेपटीकडून दुसऱ्या भागावर चार काळे ठिपके चौकोनात असतात. म्हणून पोंग्यातील खाल्लेल्या पानाबरोबरच अळी कागदावर घेऊन तिच्या डोक्याचे व शेपटीकडील भागाचे स्वतंत्र चित्र घ्यावे.

बारीक किडींची चित्रे

कापड दुकानदाराकडील किंवा शाळेतील प्रयोगशाळेतील हातभिंग येथे उपयोगी पडते. दहापट मोठे दाखविणारे हातभिंग फोनच्या मुख्य भिंगाला अगदी चिकटवून धरावे व पान सुमारे अडीच सेंटिमीटरवर आणावे. नंतर फोन किंचित पुढे-मागे सरकवून चित्र स्पष्ट दिसताच बटण दाबावे. इतक्या जवळून स्पष्टतेचा पट्टा फारच अरुंद असतो. त्यामुळे पान सपाट धरावे, कोपर गुडघ्यावर वा जमिनीवर टेकावे आणि दहा चित्रे काढून त्यांतील एक राखावे. वारा असल्यास देठ दुसऱ्याने दोन बोटांत धरावा.

फवारणी चालू असताना किंवा औषधाने माखलेल्या हातांनी फोन हाताळू नये. तोच फोन पुढे कानाशी, तोंडाशी व मुलांच्या हाती जातो. हात साबणाने धुतल्यावरच छायाचित्रण करावे.

प्रात्यक्षिकाची छायाचित्रे

प्रात्यक्षिक-क्षेत्राच्या कोपऱ्यावर एक खुंटी ठोकावी. पेरणीपासून दर पंधरा दिवसांनी त्याच खुंटीपाशी उभे राहून, त्याच उंचीवरून, त्याच दिशेने व त्याच वेळी चित्र घ्यावे. काढणीपर्यंत अशी सात-आठ चित्रे जमली की एका कागदावर ओळीने लावावीत. पिकाची वाढ कोठे खुंटली, पाऊस कधी उघडला, निंदणी कधी उशिरा झाली हे सारे त्यांत दिसते.

सुधारित पद्धतीचे क्षेत्र व नेहमीच्या पद्धतीचे क्षेत्र यांची तुलना करताना दोन्हींची चित्रे सारख्याच अंतरावरून व सारख्याच उजेडात घ्यावीत. एक जमिनीलगत बसून व दुसरे उभ्याने काढले, तर पहिले पीक आपोआप उंच दिसते. सर्वांत जोमदार झाड निवडून तेच सर्व शेताचे प्रतिनिधी म्हणून दाखविणे हेही असत्यच होय. शेतकरी आपल्या शेतावर पिकाची उंची रोज पाहतो. फसवे चित्र तो एका नजरेत ओळखतो. त्यानंतर त्याच कार्यकर्त्याच्या खऱ्या सल्ल्यावरही त्याचा विश्वास बसत नाही. कोणाच्याही शेताचे वा घरच्या माणसांचे चित्र घेण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी, हेही येथे सांगितले पाहिजे.

नोंद व पाठवणी

ज्या चित्राबरोबर नोंद नाही ते निम्मे निरुपयोगी. गाव, गट क्रमांक, पीक व वाण, पेरणीची तारीख, चित्राची तारीख, पूर्वी केलेल्या फवारण्या व खते, आणि लक्षण प्रथम कधी दिसले, एवढ्या गोष्टी वहीत टिपाव्यात. फोनमधील स्थाननोंदीची सोय चालू ठेवल्यास जागेचा पुरावा आपोआप जोडला जातो. महाराष्ट्रात २०२१ साली राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र नोंदविण्याची पद्धत रूढ केली. स्वच्छ चित्र काढणे हे आता शेतकऱ्याच्या दप्तराचाच एक भाग झाले आहे.

व्हॉट्सॲपवरून चित्र नेहमीच्या रीतीने पाठविल्यास ते आकुंचित होते व बारीक तपशील नष्ट होतो. तज्ज्ञास पाठविताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. म्हणजे मूळ चित्र जसेच्या तसे पोचते.

निगा

भिंगावर बोटाचा ठसा, धूळ वा घाम असेल तर उत्तम कॅमेराही निकामी ठरतो. चित्र घेण्यापूर्वी भिंग स्वच्छ, मऊ सुती कापडाने हलकेच पुसावे. धुळीचे कण आधी फुंकणीने उडवावेत, अन्यथा ओरखडे पडतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट हवेने भिंगावर बुरशी चढते. कॅमेरा कातडी पिशवीत कोंडून न ठेवता, हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. फोन उन्हात, मोटारसायकलच्या टाकीवर वा बांधावर ठेवू नये. उष्णतेने विद्युत्-घट लवकर खराब होतो. चित्रांची एक प्रत दर महिन्यास दुसऱ्या ठिकाणी साठवावी.

सात दिवसांचा अभ्यास

पहिल्या दिवशी एकाच झाडाची सकाळ, दुपार व संध्याकाळी चित्रे घेऊन उजेडाचा फरक पाहावा. दुसऱ्या दिवशी सूर्य पाठीशी, बाजूस व समोर ठेवून. तिसऱ्या दिवशी पांढरा कापूस किंवा पांढरे कापड व काळी माती यांवर उजेडाची खूण वर-खाली सरकवून. चौथ्या दिवशी एक पान जवळून, वाऱ्यात व वारा नसताना. पाचव्या दिवशी हातभिंगातून. सहाव्या दिवशी एका बाधित झाडाची पाच चित्रे क्रमाने. सातव्या दिवशी ती पाच चित्रे नोंदीसह शेजाऱ्यास दाखवावीत व शेत न पाहता त्याला दुखणे कोठे व कसे आहे हे सांगता येते काय, ते पाहावे. तो सांगू शकला तर अभ्यास सफल झाला. न सांगू शकल्यास कोणते चित्र कमी पडले याचा विचार करून पुन्हा शेतात जावे.

पिकाचे दुखणे वेळेवर व अचूक ओळखले तर निम्मा उपाय झाला असे समजण्यास हरकत नाही. येत्या हंगामात प्रत्येक गावातील दोन-चार तरुण शेतकऱ्यांनी व भगिनींनी हा अभ्यास पुरा करावा आणि आपल्या गावच्या पिकांचा चित्रसंग्रह तयार करावा. पुढील वर्षी तेच दुखणे पुन्हा उद्भवले तर तो संग्रह गावाच्या हाताशी असेल.